'थांबा' म्हणणाऱ्या बाईला खाली बसवू नका

दुपारचा दीड वाजला होता. नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमागे पत्र्याच्या शेडखाली आमचं नाटक चालू होतं. समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर साठ-सत्तर बाया. कुणी साफसफाईच्या, कुणी पॅन्ट्रीतल्या, कुणी बागेत काम करणाऱ्या, आणि सगळ्या कंत्राटदाराच्या. पहिल्या रांगेत कंपनीचे तीन अधिकारी. विषय कंपनीनंच दिला होता : कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ. नाटक पंधरा मिनिटांचं. सुपरवायझर एका पोरीला मुद्दाम उशिरापर्यंत थांबवून घेतो, अवेळी फोन करतो, तिनं नाही म्हटलं की हजेरी कापतो. शेवटी पोरगी काम सोडून घरी बसते. तिथं आम्ही थांबलो. सूत्रधार मी होते. मी म्हणाले, "आता हेच नाटक पुन्हा पहिल्यापासून करतो. जिथं वाटेल की हिनं वेगळं काही करायला पाहिजे होतं, तिथं 'थांबा' म्हणा, आणि हिच्या जागी येऊन करून दाखवा."

पहिली काही मिनिटं कुणी हललं नाही. मग तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "थांबा." पस्तिशीची एक बाई पदर खोचत पुढं आली. ती सुपरवायझरशी एक शब्द बोलली नाही. त्याला ओलांडून सरळ टेबलाकडं गेली आणि म्हणाली, तक्रार लिहून घ्या. अधिकाऱ्याची भूमिका करणाऱ्या आमच्या नटानं ठरल्याप्रमाणे सांगितलं की तुमचं नाव आमच्या यादीत नाही, कंत्राटदाराकडं जा. ती क्षणभर गप्प राहिली. मग वळली, नाटकातल्या अधिकाऱ्याला सोडून पहिल्या रांगेतल्या खऱ्या अधिकाऱ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, खरं सांगा जी. आमची तक्रार तुम्ही घेता का नाही?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. जेवणाची सुटी संपली असं जाहीर केलं आणि कार्यक्रम बंद झाला. दोन दिवसांनी निरोप आला : नाटक चांगलं आहे, शेवट सकारात्मक करा, मुलगी तक्रारपेटीत चिठ्ठी टाकते, सुपरवायझरला शिक्षा होते, सगळे टाळ्या वाजवतात असं दाखवा, आणि तो प्रेक्षकांचा भाग काढून टाका. आम्ही नाही म्हटलं. महिन्याभरात त्याच शेडखाली दुसऱ्या मंडळींचा प्रयोग झाला. मागच्या फलकावर लिहिलं होतं, 'सामाजिक बदलासाठी संवादी रंगभूमी'. त्यातला संवाद एवढाच की नट विचारायचा, "अन्याय सहन करायचा का?" आणि बायांनी एका सुरात ओरडायचं, "नाही!"

याला मी फसवणूक म्हणते. ती करणारी पोरं आमच्याच शहरातली आहेत, आमच्याच हाताखाली शिकलेली आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

ज्या रीतीचं नाव घेऊन हा धंदा चालतो, तिचा जन्म कुठं झाला ते या पोरांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. ब्राझीलचा रंगकर्मी आगुस्तो बोआल १९७१ मध्ये पकडला गेला, तुरुंगात त्याचा छळ झाला, मग तो देशाबाहेर पडला. १९७३ मध्ये तो पेरू देशातल्या साक्षरता मोहिमेत काम करत होता. तोवर त्याची पद्धत अशी होती की प्रेक्षकांनी उपाय सुचवायचा आणि नटांनी तो करून दाखवायचा. एका प्रयोगात नवऱ्यानं फसवलेल्या बाईची गोष्ट होती. प्रेक्षकांतल्या एका बाईनं उपाय सांगितला, नटीनं करून दाखवला. बाई म्हणाली, असं नाही. नटीनं पुन्हा केलं. बाई पुन्हा म्हणाली, असं नाही. शेवटी बोआलनं तिलाच वर बोलावलं, आणि तिनं हातात झाडू घेऊन जे केलं ते नटीच्या डोक्यात आलंच नव्हतं. नटांवर नाराज झालेल्या एका बाईतून ही रंगभूमी निघाली. पुढच्याच वर्षी बोआलचं 'शोषितांची रंगभूमी' हे पुस्तक आलं. १९९२ मध्ये तो रिओ शहराच्या कायदेमंडळात निवडून गेला आणि वस्त्यांमधल्या अशा प्रयोगांतून आलेल्या मागण्यांचे तेरा कायदे त्यानं मंजूर करवून घेतले. म्हणजे बायांनी 'थांबा' म्हटलेलं कायद्याच्या पुस्तकापर्यंत पोचलं. ज्या नाटकात प्रेक्षकाला नाराज व्हायची परवानगी नाही, त्यानं बोआलचं नाव घेऊ नये.

आणि बोआलपर्यंत जायचीही गरज नाही. आमच्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेला एक माणूस आयुष्यभर हेच करत फिरला. गाडगेबाबांच्या कीर्तनात समोरच्या माणसाला नुसतं ऐकत बसता येत नसे. बाबा वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे, लोकांकडून उत्तर काढून घ्यायचे, आणि त्या उत्तरालाच धरून पुढचा प्रश्न टाकायचे. कर्ज काढून सण का करता, देवापुढं बकरं का कापता, जातीनं माणूस मोठा कसा होतो, याची उत्तरं बाबा देत नसत, लोकांना द्यावी लागत. कीर्तनाआधी त्यांच्या हातात खराटा असे आणि अख्खं गाव झाडून झालेलं असे. आज त्याच खराट्याचे फोटो काढून आम्ही स्वच्छतेची पथनाट्यं करतो आणि बाबांचा प्रश्न तेवढा वगळतो.

त्याहून मागं जा. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिलं. त्यात एक विदूषक आहे, तो मधेमधे येऊन समोर चाललेल्या लबाडीची चिरफाड करतो. हे नाटक जोतीरावांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडं पाठवलं. कमिटीनं ते नाकारलं. ते छापून यायला सव्वाशे वर्षं लागली. मराठीत शेतकऱ्याच्या बाजूनं लिहिलेलं पहिलं आधुनिक नाटक अनुदान देणाऱ्या समितीनं परत पाठवलेलं आहे, हे नाट्यशिक्षणाच्या पहिल्या तासाला शिकवायला हवं. मग सत्यशोधक जलसे गावोगाव फिरले, भीमराव कर्डकांच्या मंडळींनी आंबेडकरी जलसे उभे केले, नागपुरात किसन फागू बनसोडांनी चोखामेळ्यावर नाटक लिहिलं. यांतल्या कुणीही आधी प्रायोजकाला विचारून शेवट ठरवला नव्हता.

आता मिहानकडं या. हा शब्दच बघा. मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट अ‍ॅट नागपूर, या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून तो तयार झाला. त्यात शिवणगाव नाही, तेल्हारा नाही, दहेगाव नाही, खापरी नाही, कलकुही नाही. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि वर्धा रोडच्या अंगानं हजारो हेक्टरांचा हा पसारा उभा राहू लागला. बहुतेक जमीन गेली ती १८९४ च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्यानं. त्या कायद्यात शेतकऱ्याला हरकत नोंदवता येत होती, मोबदल्यावरून भांडता येत होतं, पण त्याची संमती लागत नव्हती. सामाजिक परिणामांची तपासणी आणि त्यासाठी जनसुनावणी कायद्यात आली ती २०१३ मध्ये. तोवर या गावांची वावरं गेलेली होती. आज तिथं एम्स आहे, आयआयएम आहे, विमानं दुरुस्त करायचं केंद्र आहे, इन्फोसिस आणि टीसीएसच्या इमारती आहेत, खापरीला मेट्रो येते, शेजारून समृद्धी महामार्ग सुरू होतो. हे सगळं व्हायला नको होतं असं मी म्हणत नाही. एम्सच्या रांगेत माझ्याही घरची माणसं उभी राहिली आहेत. पण ज्यांच्या वावरावर ती रांग लागली, त्यांना या सगळ्या वर्षांत नोटीस मिळाली, तारीख मिळाली, मोबदल्याचा हिशोब मिळाला. बोलायची पाळी मिळाली नाही. अशा जागी या रंगभूमीचं काम सगळ्यांत मोठं आहे.

त्याच भागातल्या एका वस्तीत आम्ही तीन महिने जात होतो. समाजमंदिरात बसायचो, ऐकायचो. त्यातून नाटक झालं : वावर जातं, पैसा येतो, थोरला भाऊ गाडी घेतो, धाकटा दोन मजली घर बांधतो, चार वर्षांत पैसा संपतो आणि धाकटा आपल्याच जुन्या धुऱ्यावर उभ्या राहिलेल्या गेटवर गार्ड म्हणून लागतो. आम्हाला वाटलं होतं की लोक भावांच्या जागी येतील, पैसा कुठं गुंतवायचा ते करून दाखवतील. दोघं-तिघं आलेही. मग मागून एक म्हातारी उठली. काठी टेकत पुढं आली, आणि बापाशेजारी जी माय बसली होती तिच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "हिची काहीच गोष्ट नाही काय वं याच्यात? हिले कोणी इचारलंच नाही."

आम्ही मायला एकही वाक्य लिहिलेलं नव्हतं. ती संपूर्ण नाटकभर चहा देत होती. संहिता माझी होती. मी बाई आहे, तीन महिने त्या वस्तीत बायांशीच जास्त बोलले आहे, आणि तरी मायला गप्प बसवून ठेवणारं नाटक मीच लिहिलं होतं. म्हातारी तिच्या जागी बसली. सहीची वेळ आली तेव्हा तिनं नवऱ्याचा हात धरला आणि म्हणाली, "अंगठा लावाच्या आधी मले सांगा, मी कुठं राहू?" बापाची भूमिका करणाऱ्या मुलाला उत्तर सुचेना. तो अडखळला, "पोरं पाहतील तुले." म्हातारी म्हणाली, "पोरांचं मले माईत आहे. तुमचं सांगा." त्यानंतर सात बाया एकामागून एक त्या जागेवर येऊन बसल्या. एकीनं भांडून पाहिलं, एकीनं रडून, एकीनं भावाला बोलावून आणलं. एकीनं सातबारा मागितला आणि त्यावर आपलं नावच नाही हे मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या रात्री प्रश्न सुटला नाही. वावर परत येणारच नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात तिघी जणी तलाठ्याकडं गेल्या आणि राहत्या घराच्या कागदावर कुणाचं नाव आहे ते पाहून आल्या.

याला मी अभ्यास म्हणते. संवादी रंगभूमीचा अभ्यास म्हणजे आपली संहिता कुठं खोटी आहे हे समोरच्या म्हातारीकडून समजून घेणं. त्यासाठी त्याच वस्तीत पुन्हा पुन्हा जावं लागतं. पश्चिम बंगालमध्ये संजय गांगुली आणि त्यांची 'जन संस्कृती' १९८५ पासून हेच करत आले. खेड्यातली माणसंच नट, प्रयोग झाला की तिथंच बैठक, आणि काही दिवसांनी पुन्हा त्याच गावात. आपल्याकडं २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर अतुल पेठे यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना घेऊन रिंगणनाट्यं बसवली. त्यात नट होते ते कार्यकर्तेच. त्यांना अभिनयाची पदवी नव्हती. प्रयोगानंतर लोक काय विचारणार हे मात्र त्यांना ठाऊक होतं, कारण ते आधीपासून लोकांत होते.

आमच्याकडं काय चालतं? दोन दिवसांचं शिबिर, हॉटेलातलं जेवण, शेवटी प्रमाणपत्र. पोरं बोआलचे चार शब्द इंग्रजीत पाठ करून बाहेर पडतात आणि सोमवारी कंपनीच्या दारात काळे कुर्ते घालून उभी राहतात. युवक महोत्सवात पथनाट्याला गुण असतात : आवाज, ऊर्जा, रचना, संदेश. प्रेक्षकांतून कुणी मधेच उठलं तर वेळ जास्त लागतो आणि गुण कापले जातात. ज्या शिक्षणात मधे बोलणाऱ्या माणसामुळे गुण जातात, तिथून बाहेर पडलेला मुलगा कॅन्टीनमधल्या बाईला खाली बसवणार यात नवल नाही.

आणखी एक अडचण आहे. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं द्यावी लागते. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा केंद्रानं रद्द केला, पण आपल्याकडं संहितेची पूर्वतपासणी राहिलीच. ज्या नाटकाची अर्धी संहिता समोर बसलेल्या माणसांच्या पोटात असते, त्याची पानं कुठून आणून द्यायची? हा नियम आयोजकांना फार सोयीचा पडतो. 'लिहिलेल्याबाहेर जाऊ नका' असं म्हटलं की काम भागतं. नियम बदलला पाहिजे, आणि रंगभूमीच्या संघटनांनी ही मागणी नाट्यसंमेलनातल्या ठरावांच्या यादीत तळाला न ढकलता उघड लढवली पाहिजे.

मला सांगितलं जातं, काहीच नसण्यापेक्षा थोडी जागृती बरी. हे वाक्य मी खूप ऐकलं आहे आणि ते मला मान्य नाही. कॅन्टीनमधल्या त्या बाईला छळ म्हणजे काय ते आमच्यापेक्षा जास्त कळतं. तिला माहिती द्यायची नसते. तिला बोलायचा सराव हवा असतो, आणि आपण बोललो तर शेजारची उठेल का याचा अंदाज हवा असतो. तक्रारपेटीवर संपणारं नाटक तिला यातलं काहीच देत नाही. उलट उद्या तिच्यावर वेळ आली की तेच नाटक तिच्याविरुद्ध वापरलं जातं : आम्ही तर जागृती केली होती, तुम्ही पेटीत चिठ्ठी का नाही टाकली? गोड शेवट दाखवणारा नट कंपनीसाठी पुरावा तयार करून देत असतो. आसपासच्या गावांत कंपन्यांच्या पैशानं होणाऱ्या पथनाट्यांचंही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. तो पैसा कायद्यानं काढायला लावलेला आहे. त्यासाठी नटानं मान तुकवायचं कारण नाही.

आमच्या चळवळीतल्या मित्रांनाही मी यातून सोडणार नाही. डफ वाजवून, मुठी वळून, शेवटी घोषणा देऊन निघून येणारं नाटक आम्ही चाळीस वर्षं केलं. सफदर हाश्मी १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादला कामगारांसमोर नाटक करताना झालेल्या हल्ल्यात जबर जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशी गेले. ४ तारखेला त्यांच्या पत्नी मलयश्री आणि साथीदारांनी त्याच जागी ते नाटक पूर्ण केलं. त्या धैर्यापुढं मी आजही मान झुकवते. पण त्यांचं नाव घेऊन आम्हीही शेवट खिशात घालूनच गावात जात राहिलो. कंपनीचा शेवट तक्रारपेटी, आमचा शेवट मोर्चा. म्हातारीला दोन्हीकडून कुणी विचारलं नाही.

आणि त्या कॅन्टीनमधल्या बाईचं काय झालं तेही सांगितलं पाहिजे. पुढं ती तिथं कामाला दिसली नाही. कंत्राटदारानं दुसऱ्या साइटवर टाकलं असं बाकीच्या म्हणाल्या. यात चूक माझीही आहे. ज्यांच्या हातात तिची हजेरी होती त्यांना पहिल्या रांगेत बसवून मी तिला 'थांबा' म्हणायला सांगितलं. आधी नुसत्या बायांसमोर प्रयोग करायला हवा होता, एकदा, दोनदा, पाच वेळा, म्हणजे पुढं आली तेव्हा ती एकटी राहिली नसती. ही गोष्ट कुठल्याही शिबिरात मला कुणी शिकवली नाही, आणि तिची किंमत मी मोजली नाही, तिनं मोजली.

म्हणून नागपुरातल्या नाटकवाल्या पोरापोरींना सांगते : पुढच्या वेळी कुणी मिहानमध्ये पथनाट्य करायला बोलावलं तर मानधनाआधी विचारा की समोरचा माणूस नाटक थांबवू शकेल का, आणि थांबवल्यावर त्याची रोजी सुरक्षित राहील का. दोन्हीला हो असेल तरच जा. नसेल तर वस्तीत जा, समाजमंदिरात बसा, तिथं कुणी तुमच्याकडं संहिता मागत नाही.

कॅन्टीनमधल्या त्या बाईनं साहेबांना विचारलेला प्रश्न अजून तसाच राहिला आहे. त्याचं उत्तर 'हो' असं आहे. २०१३ च्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कर्मचारी या शब्दाच्या व्याख्येत रोजंदारीवरची बाई येते, कंत्राटदारामार्फत आलेली बाई येते, शिकाऊ मुलगी येते. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तिची प्रमुख बाईच असली पाहिजे. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची, आणि लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. समिती नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं.